ट्रंकेतलं पत्र

घरधन्यास,

तुमी यमाईला नारळ फोडाय गेलाय, तवर मोंबासाला न्यायची ट्रंक भरली. लोणच्याची बरणी धोतरात गुंडाळलीय, फुटायची न्हाई. भाकरी दुरडीत हायत. दही शिंक्यावर हाय, निघताना हातावर तुमचं तुमीच घाला. मी तासगावला भावाकडं चाललेय. तुमी गेलात की परत येईन, ते तुमच्या आईसाठी, आत्याबाईंसाठी.

ट्रंकेत कापडं ठेवताना नाथाजी भावजींचं मोंबासावरनं आलेलं पत्र घावलं. "वहिनींचं तिकीट कंपनी देत हुती, खोल्याबी दोन हायत. तू नगं का म्हणालास?" असं त्यांनी इचारलंय. मला तर तुमी सांगितलं, तिकडं बायकांना नेऊ देत न्हाईत.

लढाईवरनं तुमची पत्रं यायची, ती मास्तर वाचून दाखवायचे. परक्याच्या तोंडनं तुमचं बोलणं ऐकायची लय लाज वाटायची. म्हणून औंधला बायकांच्या वर्गात जाऊन मी लिवायवाचाय शिकले. तुमी आल्यावर सांगणार हुते. तुमी आल्यापासनं नोकरीबिगर दुसरं बोललाच न्हाई.

मला वाचता येत न्हाई म्हणूनच पत्र उघडं ठेवलंत नव्हं? आता तिकडनं काय धाडाल ते जपून लिवा. मास्तर वाचताना वंगाळ तेवढं गाळायचे, हे तुमची जुनी पत्रं माझी मीच वाचल्यावर कळलं. मी गाळणार न्हाई.

सुला