तातेराव नॉट फाउंड

२ ऑक्टोबर २००८, गुरुवार
गांधी जयंती. शाळेतली भाषणं लवकर आटोपली, माझं तर दोनच मिनिटांत. डोक्यात दुसरंच चालू होतं.
निर्णय झाला. घरात मीडिया सर्व्हर बसवायचा. कॉम्प्युटरच्या मासिकात लेख आला आहे. एका कॉम्प्युटरमध्ये सगळं भरून ठेवायचं, पिक्चर, भजनं, लग्नाचे व्हिडिओ. तिथून वायर टीव्हीजवळच्या एका डबीला. रिमोट दाबला की पाहिजे ते हजर. टेंभुर्णीत पहिला. जाफराबाद तालुक्यातही बहुतेक पहिलाच.
लेखात लिहिलं आहे, एका रविवारचं काम. मला एमएस-सीआयटीत सत्त्याऐंशी मार्क आहेत. म्हणजे अर्धा रविवार.

३ ऑक्टोबर
मुख्य कारण लिहून ठेवतो. २१ डिसेंबरला वडिलांचं वर्षश्राद्ध. बहीण उषाच्या लग्नाची कॅसेट (मे १९९४) आईने ट्रंकेत जपून ठेवली आहे. वडिलांचा आवाज या जगात फक्त त्या कॅसेटवर उरला आहे. आई वर्षभर म्हणते आहे, "एकदा ऐकायचा है मला. काय बोलले त्या दिवशी ते बी आठवत न्हाई आता."
मला आठवतं. मंगलाष्टकाआधी त्यांनी माइक हातात घेतला आणि चारशे माणसांसमोर माझं नाव घेतलं. त्या लग्नात साउंड सिस्टिमवर मी लक्ष ठेवून होतो, त्याबद्दलच काहीतरी बोलले. आयुष्यभर तोंडावर कधी शाबासकी दिली नाही त्यांनी. पण माइकवर दिली. श्राद्धाच्या दिवशी सगळ्या पाव्हण्यांनी ती ऐकावी. विशेषतः उषाच्या नवऱ्याने.

५ ऑक्टोबर, रविवार
शेजारच्या शांतिलालजींचा जुना व्हीसीआर मागून आणला. कापड दुकानाच्या माळ्यावर पडून होता, पण चालू. "मास्तर, बराबर सांभाळा, और जल्दी वापस करा," म्हणाले. आठ दिवस खूप झाले, असं मी सांगितलं.
व्हीसीआर बघून आईने विचारलं, "हे टीव्हीला लावलं तर दिसत न्हाई का?"
दिसतं. पण दर वेळी टेप घासली जाते. त्यापेक्षा एकदाच कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, मग जन्मभर बघायचं. हे मी तिला शांतपणे, उदाहरणं देऊन समजावलं. ती ऐकता ऐकता वाती वळत होती.
घरातल्या कॉम्प्युटरलाच सर्व्हर करतो आहे, त्याला नाव द्यावं लागतं. 'तातेराव' दिलं. वडिलांचं. आपोआप डोळे भरले.

८ ऑक्टोबर, खंडेनवमी
घरातल्या हत्यारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, तिफण, बायकोचं, नंदाचं शिलाई मशीन. आणि मी शाळेत गेलेलो असताना आईने सर्व्हर पुजला. हळद-कुंकू समोरच्या बटणांवर. झेंडू वर. त्यात बटण दाबलं गेलं आणि सीडीचा ट्रे बाहेर आला. आई म्हणते, "त्यानंच हात पुढं केला. मंग मी सुपारी ठिवली." ट्रे सुपारीसकट आत गेला.
चिडलो नाही. फक्त अर्धा तास बोललो.

९ ऑक्टोबर, दसरा
सुपारी निघेना. कॉम्प्युटर हलवला की आत खडखड आवाज येतो. सर्व्हरला सीडी ड्राइव्ह लागतच नाही, असं लेख पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं. पुढे चाललो.

१२ ऑक्टोबर, रविवार
कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली. तीन तास. व्हीसीआरमधून पिवळी वायर कॉम्प्युटरच्या मागच्या व्हिडिओ कार्डात खोचली. लाल आणि पांढरी उरली. जास्तीची असावी.
संध्याकाळी तपासलं. चित्र झकास. आवाज नाही.
पण चित्रात वडील दिसले. फेटा, कोट, हातात माइक. कॅमेऱ्याच्या बाजूला बघतात, म्हणजे जिथे मी उभा होतो तिकडे. तोंड हलतं. मग उजवा हात वर करतात. पंजा उघडा. आशीर्वाद!
चौदा वर्षं हा आशीर्वाद ट्रंकेत पडून होता. नंदाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "चेहरा तर रागावल्यावानी दिसून राह्यला." ऊन होतं. मे महिना होता. लोकांना संदर्भ कळत नाहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार
लाल-पांढरी वायर लावली. दोन तास चाळीस मिनिटांनी लाइट गेली. ती दहाला जाणार होती, साडेआठलाच गेली. वेळापत्रक बदललं म्हणे. आधी सांगायला काय होतं? पुन्हा पहिल्यापासून.
शांतिलालजींनी विचारलं. दिवाळीआधी नक्की, असं सांगितलं.

३१ ऑक्टोबर
दिवाळी झाली. व्हीसीआर इथेच आहे.
नवीन अडचण. कापूस घरी आला. भाव चढेपर्यंत मधल्या खोलीत त्याची गंजी लावायची, छतापर्यंत ढीग, हे दरसालचंच. सर्व्हर तिथेच आहे. नंदा म्हणाली, एक तर कापूस बाहेर नाही तर ते बाहेर. मी तोडगा काढला. टेबल गंजीच्या कडेला, वायर कापसाखालून थेट बैठकीतल्या टीव्हीपर्यंत. बाहेरून काही दिसत नाही. एकदम परदेशी फिटिंग.

२ नोव्हेंबर, रविवार
तिसऱ्यांदा कॅसेट लावली. सव्वा तासात कॉम्प्युटर तापून बंद. झाकण उघडलं. आतला पंखा कापसाने इतका भरला होता की नंदा म्हणाली, "उशी झाली की चांगली." आईने तो बोळा हातात घेऊन पाहिला आणि परत गंजीवर टाकला. आपला माल वाया जाऊ नये म्हणून.
मला या घरात मदत नाही. फक्त शेरे आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार
पंख्यावर नंदाच्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. चौथ्यांदा कॅसेट लावली. पूर्ण झाली! आवाजाची खूणही पडद्यावर नाचताना दिसली.
प्रत्यक्ष ऐकू आला नाही, कारण कॉम्प्युटरचे स्पीकर शाळेच्या गणपतीत गेले ते आलेच नाहीत. बरंच झालं. संकल्प केला आहे, वडिलांचे ते शब्द पहिल्यांदा सगळ्यांसोबतच ऐकायचे.
आई म्हणाली, "चार वेळा चालवली तू. टेप घासत न्हाई का मंग?" हा प्रश्न तिला कोण शिकवतं?

१६ नोव्हेंबर, रविवार
जालन्याहून डबी आणली. टीव्हीला मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या भोकांचा एकच संच. तिथे डबी बसली. रिमोट दाबला. निळा पडदा. मग इंग्रजी अक्षरं. नंदाने मोठ्याने वाचलं, "तातेराव नॉट फाउंड."
आईने विचारलं, काय म्हणतंय?
मी म्हणालो, शोधून राह्यलंय.
"कुठं?"
मी डबीची वायर काढून पुन्हा लावली. आई पडद्याकडे बघत बसली. मग उठून देवाजवळ दिवा लावला.

२३ नोव्हेंबर
तातेराव नॉट फाउंड. डबीच्या आणि कॉम्प्युटरच्या पत्त्याचे आकडे बदलले. दोन्हीकडे सारखे आकडे टाकायचे नाहीत, असं मासिकात आहे. मी वेगळे टाकले. बहुतेक फार वेगळे झाले.

३० नोव्हेंबर
तातेराव नॉट फाउंड. गंजी उपसली. वायर दोन ठिकाणी उंदराने खाल्लेली. म्हणजे माझी सेटिंग पहिल्यापासून बरोबरच होती. या विचाराने फार बरं वाटलं.
गंजी पुन्हा लावायला नंदाने हात लावला नाही. सहा तास लागले. नाकात, कानात कापूस. शांतिलालजी दारात उभे होते. मला बघून व्हीसीआरचं नावच काढलं नाही. तसेच परत गेले.

७ डिसेंबर, रविवार
नवी वायर भिंतीवरून नेली, देवघराच्या वरून. उषाचा हसनाबादहून फोन. सगळे येताहेत, मच्छिंद्र दाजीसुद्धा. मी तिला म्हणालो, वडील सगळ्यांशी बोलणार आहेत. ती रडायला लागली. आता माघार नाही.
मुख्याध्यापकांनाही बोलावलं आहे.

१४ डिसेंबर, रविवार
यश! तातेराव सापडले!! पडद्यावर चार सेकंद चित्र आलं. नवरदेवाचा बूट. मग अडकलं. चाळीस मिनिटं बूटच.
आई बुटाकडे बघत म्हणाली, "हे मच्छिंदरचे पाय हायेत."
तत्त्वतः सर्व्हर चालू झालेला आहे. फक्त वेग. फाइल मोठी आहे, तिला लहान करायला लावलं आहे. कॉम्प्युटर म्हणतो एकोणीस तास. लाइट सलग सहा तासांच्या वर राहत नाही. दुसरा कोणी असता तर खचला असता.

१८ डिसेंबर
फाइल लहान झालेली नाही. उलट दोन झाल्या. नंदा आज पहिल्यांदा रागावली. म्हणाली, "तुमच्या सर्व्हरसाठी म्हातारीनं अडीच महिने वाट बघितली. तिला सर्व्हर न्हाई पाह्यजे. तिला मामांजींचा आवाज पाह्यजे."
दोन्ही एकच आहे, हे तिला कसं सांगावं? सांगितलं नाही. रात्री जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

२० डिसेंबर, सकाळ
पूर्ण तयारी. उद्या लाइट अकराला येणार. पान बारा वाजता. साडेबाराला कार्यक्रम. मी सर्व्हरजवळ मधल्या खोलीत, पाव्हणे बैठकीत. मी इकडून चालू करणार, तिकडे वडील बोलणार. मनात चार ओळींचं भाषणही तयार आहे. 'माणूस जातो, आवाज राहतो,' अशी सुरुवात.

२१ डिसेंबर, रविवार
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
लाइट वेळेवर आली. श्राद्ध नीट झालं. पानं उठली. बैठकीत माणसं दाटीवाटीने बसली, आई पुढे, टीव्हीपासून दोन हातांवर. मुख्याध्यापक खुर्चीवर. मी चार ओळी म्हटल्या. मच्छिंद्र दाजी जांभई देत होते. मधल्या खोलीत आलो, हात जोडले, बटण दाबलं.
काही नाही. बैठकीतून नंदाचा आवाज, "नॉट फाउंड." पुन्हा दाबलं. ओढणी सोडली. पंखा झटकला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. वीस मिनिटं गेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता एक गोल फिरत होता.
आणि एकदम बैठकीतून सनई आली. माणसांची गडबड आली. मग माइकवर फुंकर. मग वडील.
"हॅलो. हॅलो."
 कापसाच्या गंजीवर बसलो. वर्षभरानंतर तो आवाज! जमलं होतं. सगळं चुकलं, पण जमलं होतं. मी सर्व्हरवर हात ठेवला आणि रडलो. लाज कसली, रडलो.
"अय भुजंग!" वडील म्हणाले.
मी बसल्या जागी "जी" म्हणालो.
"भुजंग, सोड ते! त्या मशिनीला हात लावू नको तू! चालू है ते बराबर, कशाला बिघडून राह्यला? अरे हात लावू—"
मग कान फाटेल अशी शिट्टी. खट्. आणि नंतर नुसतीच सनई.
 बैठकीत मच्छिंद्र दाजी हसले. मग सगळेच. मुख्याध्यापकांचं हसणं मी ओळखतो.
सर्व्हरवर हात होता तो काढला. पडद्यावर गोल फिरतच होता.
बैठकीत गेलो. टीव्हीखाली शांतिलालजींचा व्हीसीआर. सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हाच नंदाने तो कॅसेटसकट उचलून तिथे ठेवला होता, माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि आता मी आत पंखा झटकत असताना डबीच्या तीन पिना काढून याच्या तीन पिना लावल्या. एवढंच. डबी बाजूला, वर कुणाची तरी टोपी.
माइक त्यानंतर बंदच पडला होता. आता सगळं आठवलं. ॲम्प्लिफायरचं एक बटण मला जरा कमी वाटलं होतं. मंगलाष्टक त्यांनी म्हटलं, पडद्यावर दिसतं, तोंड हलतं, पण वरून शूटिंगवाल्याने सनई भरली आहे. म्हणजे वडिलांचा आवाज या जगात उरला आहे तो एवढाच. चार वाक्यं. चारही मला. वर केलेला हातही मलाच होता. पण नाव घेतलं होतं, हे मी बरोबर सांगत होतो.
आई मात्र हसत होती आणि डोळे पुसत होती. "बराबर. अस्सेच बोलायचे. बिलकुल अस्सेच," म्हणत होती. उषाला हलवून हलवून सांगत होती. वर्षभरात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.
"पुन्हा लाव," ती म्हणाली.
मी पटकन पुढे झालो, व्हीसीआरपाशी वाकलो, मागे न्यायचं बटण शोधायला लागलो.
आईने माझं मनगट धरलं. "ऐकलं न्हाई का आत्ता, काय म्हणले ते?"
मी हात मागे घेतला. नंदाने बटण दाबलं.