सम तुझे, विषम माझे

प्रिय ठमे,

आधी या खोलीत मी स्वतःच्या हातांनी काय काय केलंय ते सांगतो, म्हणजे कुठे बसून लिहितोय ते तुला दिसेल. हे टेबल, एका मोडीत निघालेल्या लिफ्टच्या लाकडी दाराचं. त्यावरचा दिवा, त्याची मान तीन ठिकाणी वळते आणि वळवली तिथेच राहते, विकतच्या दिव्यासारखी हळूहळू मान टाकत नाही. खिडकीला दुहेरी पडदा, कारण ऊन कागदाचा रंग पितं. भिंतीशी कॉमिक्सचं कपाट, एकही खिळा न मारलेलं. कपाटातल्या पुठ्ठ्याच्या पेट्या, पेट्यांतल्या पारदर्शक पिशव्या, एकेक मापून कापलेल्या. आणि ‘अलगद’च्या पेटीत दर दोन अंकांच्या मधे एक राखाडी पुठ्ठा, बरोबर एका अंकाच्या जाडीचा. ते पुठ्ठे म्हणजे तुझे अंक. तुझी वहिनी म्हणते, तुमच्या हाती चंद्र लागला तर तोही पुसून पिशवीत ठेवाल आणि वर तारीख लिहाल. मी म्हटलं, तारीख मागच्या बाजूला लिहितात.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर आपण हल्ली एकमेकांना नुसते अंगठे दाखवतो. वाढदिवसाला तू एक पाठवतेस, उलट मी एक पाठवतो, की वर्ष संपलं. मला जे सांगायचंय ते अंगठ्यात मावणारं नाही. आणि एकदम मुद्द्यावर येणं मला कधीच जमलं नाही, तेव्हा थोडी कळ काढ.

‘अलगद’वर मालिका आली, ती पाहिलीस का? तुझ्याकडेही दिसत असणार. आठही भाग एकाच सकाळी येऊन पडले. तुझ्या भाच्याने टीव्हीला ते सगळं जोडून दिलं, “बाबा, एका दमात बघून टाका,” म्हणाला आणि कामावर गेला. जणू कडू औषधच आहे. पहिला भाग संपला, अलगद गच्चीच्या कठड्यावरून मागे रेलला, आणि कोपऱ्यात पाच, चार, तीन असे आकडे पळायला लागले. मी रिमोट शोधेपर्यंत दुसरा भाग सुरू होऊन माणूस वाचलासुद्धा. मला चुकल्यासारखं झालं. आपल्या वेळी तो कठड्यावरून रेलला की पुढच्या अंकापर्यंत पंधरा दिवस तसाच असायचा. त्या पंधरा दिवसांत त्याला आपण वाचवायचो. तू कधी कपड्यांच्या दोरीवर झेलायचीस, कधी कुणाच्या तरी उघड्या छत्रीवर. एकदा तर तू त्याला पडूच दिलं नाहीस, खालून जिना वर आणलास. नवा अंक आल्यावर खरी सुटका वाचून तू नाक मुरडायचीस, “माझी चांगली होती.” खरंच चांगली असायची. आता मधे जागाच ठेवलेली नाही, तर आजच्या मुलांनी त्याला वाचवायचं कधी?

दुसरं म्हणजे, त्यांनी त्याला उडायला लावलंय. ज्या माणसाची सगळी करामत एवढीच की तो सावकाश पडतो, त्याला उडवून काय मिळालं? मुठी पुढे, मागे धूर, खाली शहर फुटतंय. हल्लीच्या सगळ्या सिनेमांत शेवटी आभाळाला भोक पडतं आणि सगळे मिळून ते बुजवतात. वहिनीला दुसऱ्या भागातच डुलकी लागली, एक इमारत कोसळली तेव्हा झोपेतच म्हणाली, “दार नीट लावा.”

तुला अकराव्या अंकातलं नववं पान आठवतं का? सगळं पान म्हणजे एकच पडणं. चौकटी सात, एकाखाली एक, प्रत्येकीत एका मजल्याची खिडकी. एका खोलीत बाई चादरीची घडी घालतेय, घडीचं एक टोक हनुवटीखाली धरलंय. एकात म्हातारा दाढी करतोय, अर्धा गाल पांढरा. एकात कुणीच नाही, फक्त उकळून उकळून आटत आलेलं पाणी. अलगद पडता पडता आत बघतो, आणि कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नाही. त्या खिडक्यांसाठी आपण ते अंक घ्यायचो, मारामारीसाठी नाही. मालिकावाल्यांनी तेच नेमकं काढून टाकलं, कारण त्याला वेळ लागतो.

मी लिफ्टच्या कामात कसा पडलो असं लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, कोणी शिकवलं नाही, उघडून बघितलं. पण तुला म्हणून सांगतो. दुरुस्तीच्या वेळी लिफ्टच्या आत नाही, टपावर उभं राहायचं असतं. हाताने सोडत सोडत खाली यायचं, अगदी हळू. सगळीकडे काळोख, तेलाचा आणि गार लोखंडाचा वास, आणि प्रत्येक मजल्याच्या दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ खालून वर सरकत जाते. कुठे पोरगं गाणं घोकतंय, कुठे कुणी भांडून झाल्यावर भांडी घासतंय. त्यांच्या ध्यानीमनीही नाही, आणि आपण त्यांच्या शेजारून उतरतोय. माझं सगळं आयुष्य त्या नवव्या पानात गेलं म्हण ना.

मालिकेत एक जागा मात्र त्यांना जमली आहे, खोटं कशाला बोलू. सहाव्या भागात एकदाच सगळे आवाज बंद होतात, गाणं नाही, वारा नाही, आणि त्याची सावली भिंतीवरून उतरते. चार श्वासांइतकीच. ती मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली. ती ज्याने केली त्याने लहानपणी अंक वाचले असणार.

आणि आमच्या जमातीबद्दल तर बोलायलाच नको. महिन्यातून एकदा आम्ही जमवणारे लोक जमतो. आता नवीन पद्धत निघाली आहे. अंक तज्ज्ञाकडे पाठवायचा, तो त्याला दहापैकी गुण देतो आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करून परत पाठवतो. डबी फोडली की गुण गेले. म्हणजे तो अंक आता कुणीही, कधीही वाचायचा नाही. एकाने मोठ्या अभिमानाने मला साडेनऊ गुणांचा अंक दाखवला. मी विचारलं, गोष्ट काय आहे? म्हणाला, माहीत नाही. त्या मंडळींत मला ‘अर्धवटराव’ म्हणतात, माझा संच अर्धा म्हणून. मी म्हणतो, अर्धा असेल, पण पाठ आहे.

अर्धा कसा झाला ते तुला माहीत आहे, पण आज ते पुन्हा डोळ्यांसमोर येतंय. तू परदेशी निघायच्या आदल्या दिवशी घरातलं काहीच नको म्हणालीस, आईच्या बांगड्यासुद्धा नको, फक्त ‘अलगद’चे निम्मे अंक दे म्हणालीस. पैसे दोघांच्या खाऊचे होते, तेव्हा हक्क बरोबर होता. मी विचार केला, पहिले चव्वेचाळीस एकाला आणि नंतरचे एकाला असं केलं तर अन्याय होईल, कारण सुरुवातीच्या अंकांना मान जास्त. म्हणून सम तुझे, विषम माझे. केवढं शहाणपण वाटलं होतं मला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अरे, गोष्टी आडव्या कापताय तुम्ही.” आपण दोघंही हसलो आणि तू बॅग बंद केलीस. तू गेल्यावर रविवारी मी पेटी उघडली, आणि आई काय म्हणत होती ते कळलं. प्रत्येक गोष्ट दोन अंकांची. विषम अंकात तो संकटात सापडणार, सम अंकात सुटणार. माझ्याकडे सगळी संकटं राहिली आणि सगळ्या सुटका तुझ्या बॅगेतून गेल्या.

फोनवर सांगितलं तेव्हा तू किती हसली होतीस. बदलून घेऊ, असं आपण दोघंही म्हणालो. पण बदलायला भेटावं लागतं. आधी तुझी नोकरी नवी होती, मग मुलं लहान होती, मग आई गेली तेव्हा विमानं बंद होती. मी काही म्हणत नाही, विमानं खरंच बंद होती.

हल्ली मला दुपारी डोळा लागला की तुझे अंक दिसतात. काही पाठ होते ते पुसट झालेत. सदतिसाव्यात तो पाण्याच्या टाकीवरून पडतो आणि खाली पाण्याऐवजी धुकं आहे, इथवर माझ्याकडे आहे. अडतिसाव्यात काय झालं ते आठवत नाही. मग झोपेत तो पडतच राहतो. मजल्यामागून मजला उतरत जातो, खिडक्यांत ओळखीची माणसं दिसू लागतात. आई चादरीची घडी घालते. एका खिडकीत तू, दोन वेण्या, गुडघ्यावर खपली, मांडीवर अंक उघडा. मी विचारतो, पुढे काय होतं गं? तू पान उलटतेस आणि खिडकी वर निघून जाते. जाग येते तेव्हा भीती वाटलेली नसते. नुसतं पाय टेकायचे राहिल्यासारखं वाटतं.

आता सांगायचं ते सांगतो. मालिका आल्यापासून ‘अलगद’ला भाव आला आहे, आणि पूर्ण संच कुणाकडेच नाही. मागच्या महिन्यात एक खरेदीदार घरी आला. माणूस सभ्य, न सांगता आधी हात धुऊन आला, पानं कोपऱ्याला न धरता कडेने उलटली. मला आवडला. त्याला अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी हवेत, अर्धा संच नको. राखाडी पुठ्ठे पाहून त्याने विचारलं, हे अंक कुणाकडे आहेत? मीच त्याला तुझा नंबर दिला. खरं सांगायचं तर मला वाटलं, तू त्याला झाडून काढशील आणि मग मला फोन करशील, आपण तासभर हसू. तुझा फोन आला नाही. तोच आठ दिवसांनी परत आला आणि म्हणाला, बहिणीचा होकार आहे. मी विचारलं, किती सांगितलेत तिला? तो म्हणाला, रक्कम सांगायच्या आधीच त्या हो म्हणाल्या.

ठमे, खोडरबराच्या किमतीतही घासाघीस करणारी तू. रक्कम न ऐकता हो कशी म्हणालीस? हे विचारायलाच एवढं लिहिलं. तुला पैशांची अडचण असेल तर सरळ सांग. माझ्याकडे बाजूला टाकलेले आहेत आणि वहिनी तर माझ्याआधी हो म्हणेल. ते अंक घरात अडगळ झाले असतील तर तसं सांग, मी रागावणार नाही. आणि दादालाच विकायचे असतील, त्याच्या आड कशाला यायचं, असा विचार करून हो म्हणाली असशील, तर मी विकत नाहीये. तो खरेदीदार डब्या करणार होता त्यांच्या, अठ्ठ्याऐंशी डब्या. तू तुझे घेऊन ये, किंवा मी माझे घेऊन तिकडे येतो. पासपोर्ट काढायला टाकला आहे. एकदा सगळे ओळीने वाचू, आणि मग तुला विकायचेच असतील तर विकू. पण हे सगळं मी तुला न विचारता ठरवलं, म्हणून आकडा तुला कळायला हवा. त्याने दोघांचे मिळून नऊ लाख देऊ केले होते, त्यातले साडेचार तुझे. मी नाही म्हटलं, दोघांच्या वतीने.

तुझाच,
दादा