खुणांच्या चौकटीखालची वस्ती

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, नगररचना कार्यालयातील निवृत्त आरेखक आणि विद्यापीठाची भूगोल व नियोजन विषयातील पदव्युत्तर पदवीधर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. साठी बुद्धी नाठी असे ज्यांना वाटते त्यांनी माझी गुणपत्रिका पाहावी; ती बैठकीच्या खोलीत घड्याळाशेजारी टांगलेली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे राहते दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात माझ्या सुनेच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. मुलाला का नाही, तेही नोंदवते, म्हणजे तो वकिलाकडे धावणार नाही. साठाव्या वर्षी मी प्रवेशअर्ज आणला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आई, या वयात कॉलेज? लोक मला काय म्हणतील?" सुनेने अर्जावर माझा फोटो चिकटवला आणि पुढची दोन वर्षे डबा भरून मला साडेआठच्या बसला पिटाळले. मुलाने या घरात सुखाने राहावे, पण तिला विचारून. तो मनाचा वाईट नाही. पदवीदानाच्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्याच्याच होत्या.

कलम २. कपाटातील हिरव्या कापडी पुठ्ठ्याची मोजणीवही टेकडीखालच्या वस्तीतील शिवणकाम करणाऱ्या आक्काला द्यावी. ही वही मी चोरलेली नाही. कार्यालय नव्या इमारतीत गेले तेव्हा ती रद्दीत निघाली होती, आणि माझे अक्षर पाहून मी ती उचलली. तिच्यात काय आहे ते सविस्तर सांगणे भाग आहे.

मी एकोणतीस वर्षांची असताना मोजणीच्या पथकाबरोबर त्या वस्तीत गेले होते. साखळी टाकून आम्ही बेचाळीस घरे मोजली, मी वहीत लिहिली. मग नकाशा शाईत उतरवताना कागद अपुरा पडला. खुणांची चौकट, म्हणजे कोणती रेघ रस्त्याची आणि कोणती नाल्याची हे सांगणारा रकाना, बसवायला जागाच उरली नाही. साहेब म्हणाले, "कुठेतरी बसव. संध्याकाळपर्यंत नकाशा हवा." कोपऱ्यात ती वस्ती होती. कच्ची घरे, आज आहेत उद्या नाहीत, असे मीच मनाशी म्हटले आणि चौकट तिच्यावर ठेवली. पुढे त्या नकाशावरून दुसरा निघाला, दुसऱ्यावरून तिसरा. तिसऱ्यात चौकट हलली, पण तिच्याखाली पांढरा कागद निघाला. साहेबलोक उंटावरून शेळ्या हाकणारे. पांढरे दिसले की मोकळी जागा, आणि मोकळी जागा दिसली की बाग. बेचाळीस घरांवर बागेचे आरक्षण पडले. नळ नाही, गटार नाही, वर घरे पाडण्याची नोटीस.

हे सगळे मला विद्यापीठाच्या संगणकावर कळले. जुना नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रावर ठेवून फरक शोधा, असा आम्हाला गृहपाठ होता. चौकटीखाली छपरे दिसली, आणि चौकटीतले अक्षर माझे होते. मला इतकी शरम वाटली की उरलेला तास मी मान वर केली नाही.

माझ्या मार्गदर्शक बाई माझ्या मुलाहून लहान. त्या म्हणाल्या, "मावशी, हे प्रबंधात लिहिलंत तर लोक तुम्हालाच दोष देतील."

"देऊ देत. योग्य माणसाला देतील."

क्षेत्रपाहणीला वस्तीत गेले तर शिवणयंत्रावरची बाई माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, तुम्ही आधी आला होतात. साखळी घेऊन. मी लहान होते, तुम्हाला पाणी दिलं होतं. तुम्ही नाव लिहून घेतलंत, मग पुढे काय झालं?"

तीच ही आक्का. तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी प्रबंध लिहिला, आणि तो काखेत मारून बागेच्या आरक्षणावरील हरकतींच्या सुनावणीला गेले.

अधिकारी म्हणाले, "ही वस्ती अलीकडची आहे. जुन्या नकाशात तिथे काहीच नाही."

"काहीच नाही कसं? चौकट आहे. ती मी काढली आहे."

"बरं, मग चौकटीखाली काय होतं?"

"बेचाळीस घरं. ही वही, हे माझं अक्षर, आणि हा खालचा शेरा तुमच्याच कार्यालयाचा."

ते पाच मिनिटे पाने उलटत होते. पाठीमागे अख्खी वस्ती उभी होती. आरक्षण त्या महिन्यात उठले नाही, त्या वर्षीही नाही. पण उठले! नव्या नकाशात बेचाळीसची सत्त्याण्णव घरे आहेत, एकेक मोजून, नाकावर टिच्चून.

कलम ३. तो जुना नकाशा भूगोल विभागाच्या अभ्यासिकेत लावावा व खाली माझे नाव ठळक लिहावे. चूक कोणाची हे विद्यार्थ्यांना कळले पाहिजे. साहेब आता हयात नाहीत. त्यांच्यावरचा राग मी सोडला आहे. घाई त्यांची होती, हात माझा होता.

कलम ४. आरेखनाचे टेबल व शाईच्या लेखण्या विभागाला. टिपणे मात्र वर्गातल्या त्या उंच मुलाला, जो मला पहिल्या दिवशी "आजीबाई, चुकून आलात का?" म्हणाला आणि परीक्षेच्या आठवड्यात माझ्याच दारात उभा राहिला.

कलम ५. बँकेतील शिल्लक वस्तीतील जी मुलगी या विषयाला प्रवेश घेईल तिच्या बसच्या पासाला व चालायच्या मजबूत बुटांना वापरावी. नकाशा काढण्याआधी तिने पायी फिरावे, एवढीच अट.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी सुनेची नेमणूक करते.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: आक्काचे घर. दिनांक: सोमवार, वस्तीत नळाला पाणी आल्याचा अकरावा दिवस.

सही: निवृत्त आरेखक

साक्षीदार पहिली: मार्गदर्शक बाई, भूगोल व नियोजन विभाग, विद्यापीठ. सही केली.

साक्षीदार दुसरी: आक्का, शिवणकाम. सही करून ती थांबली.

"बाई, इथं पत्ता लिहायचा म्हणे. लिहू?"

"लिही की."

"अख्खा?"

"अख्खा."

पत्ता: घर क्रमांक १७, तिसरी गल्ली, टेकडीखालची वस्ती.