तदालाची खुर्ची

फ्रिस्को, ९ मार्च २०२५

ती. पद्मिनीताईस, धाकट्या शशिकांतचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, फॅमिली ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर बघून हसशील. हस, पण उत्तर दे.

सहा महिन्यांसाठी मलावीला गेलेली बाई चार महिन्यांत परतते आणि वेस्ट विंडसरच्या घरात दार लावून बसते, याचा अर्थ काय घ्यायचा? तब्येत बरी आहे ना? रत्ना म्हणते, तिकडे वन्संशी कोणीतरी भांडलं असणार. मी म्हटलं, उलट असेल.

कामाचं सांगतो. २६ एप्रिलला आमच्या फाउंडेशनचं अ‍ॅन्युअल डिनर आहे, चारशे लोक येतील. आपण मलावीला पाठवलेल्या व्हीलचेअर्सबद्दल तूच बोलायचंस. अपंग मुलांना तीस वर्षं फिजिओथेरपी दिलेली आणि तिथे राहून आलेली वक्ता मला दुसरी कुठे मिळणार? स्टेजमागे तिथल्या छोट्या तदालाचा फोटो लावतोय, नव्या खुर्चीत बसलेली, वीस फूट उंच. तो बघून रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिकीट काढू ना? आशीर्वाद पाठव, राग तिकडेच ठेव.

तुझा शशी

*

वेस्ट विंडसर, १७ मार्च

चि. शशिकांत यास, ताईचे आशीर्वाद.

तब्येत उत्तम. तिकीट काढू नकोस.

तुमच्या त्या ऐंशी खुर्च्या मी पाहिल्यात. इकडच्या हॉस्पिटलांनी टाकून दिलेल्या, गुळगुळीत फरशीवर ढकलायच्या. तिथल्या वाळूत पाच पावलांत रुततात. एकीवर कोंबड्या बसतात. एकीतून मका गिरणीवर जातो. ती तेवढी उपयोगी पडली, भाषणात जरूर सांग. चार वर्षांच्या मुलांना तुम्ही अडीचशे पौंडी माणसाच्या मापाच्या खुर्च्या पाठवल्यात. फोटोसाठीचे टीशर्ट मात्र मुलांच्या मापाचे, छातीवर फाउंडेशनचा लोगो. त्यात एकाही साइझची चूक नव्हती.

तदालाला सेरेब्रल पाल्सी आहे. ती मान धरत नाही, कंबर धरत नाही. फोटोच्या वेळी मी मागे वाकून तिला दोन्ही काखांत धरून ठेवलं होतं. माझे हात तुम्ही फोटोतून कापलेत. हात सोडले की ती ओल्या टॉवेलसारखी खाली घसरते, हे तुझ्या पाहुण्यांना वीस फुटांतही दिसायचं नाही. पनीर टिक्का खाता खाता कळवळण्याची सोय, एवढीच तुमची सेवा.

रत्नाला डोळे पुसायला सांग.

माझा लोभ तुझ्यावर आहे, तुझ्या डिनरवर नाही.

ताई

*

फ्रिस्को, २५ मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र दोनदा वाचलं. रत्नाला वाचू दिलं नाही.

ताई, आजवर तुला कोण पटलं? लहानपणी माझे मित्र पटले नाहीत, इकडे आल्यावर मराठी मंडळ पटलं नाही. निदान आम्ही काहीतरी करतो. शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये उभं राहून मी स्वतः त्या खुर्च्यांना ग्रीस लावलंय.

आणि आता ऐक. काल तुझा नोव्हेंबरचा रिपोर्ट काढला. त्यात तदालाच्या नावापुढे लिहिलंय की तिची गावठी खुर्ची ताबडतोब काढून टाकावी, फाउंडेशनची व्हीलचेअर सुरक्षित आहे. खाली सही तुझी. ती वाचूनच आम्ही फोटोग्राफर पाठवला. आम्ही सॉफ्टवेअरवाले. मुलाची मान कशी सांभाळायची हे आम्हाला कुठून कळणार? तुला कळत होतं. मग सही का केलीस?

उत्तराची वाट बघतो. नमस्कार आहेच, आज जरा ताठ मानेने.

शशी

*

वेस्ट विंडसर, २ एप्रिल

चि. शशीस आशीर्वाद.

सही माझीच.

तिथल्या सेंटरवर एस्नात नावाची बाई काम करते. तिच्या थोरल्या मुलाला हाच आजार होता. तो गेल्यापासून ती दुसऱ्यांची मुलं सांभाळते. पदवी नाही, काही नाही. जुने पुठ्ठे मैद्याच्या खळीने थरावर थर चिकटवते, उन्हात वाळवते आणि प्रत्येक मुलाच्या अंगाचं माप घेऊन खुर्ची करते. तदालाची अशीच होती. पहिल्याच दिवशी मी नाक मुरडलं. कचऱ्याला रंग दिलाय म्हणाले, इंग्रजीत, तिला कळेल अशा बेताने. मग तो रिपोर्ट लिहिला. तुमची व्हीलचेअर मापाची नाही हे दिसत होतं. पण ती स्टीलची होती, शशी. मला ती ओळखीची वाटली.

त्या खुर्चीत तदालाची मान मागे पडायची आणि आई तशीच मक्याची पेज भरवायची. डिसेंबरात पेज श्वासनळीत गेली. न्यूमोनिया झाला. जिल्हा रुग्णालयात नऊ दिवस. ऑक्सिजनचं मशीन एक, मुलं तीन, पाळीपाळीने. तिची पाळी संपली की तिचे ओठ काळेनिळे व्हायचे, आणि तिची आई माझ्याकडे बघायची. मी मोठी डॉक्टर आहे अशी तिची समजूत होती.

ताप उतरल्यावर एस्नात ती पुठ्ठ्याची खुर्ची डोक्यावर घेऊन अकरा किलोमीटर चालत आली. तिने ती फेकली नव्हती. तदालाला त्यात बसवलं, हनुवटी किंचित खाली घेतली आणि एकेक चमचा भरवला, प्रत्येक घोट उतरेपर्यंत थांबत. अर्धी वाटी जायला पाऊण तास लागला.

मग सात आठवडे मी तिच्या हाताखाली शिकले. माझ्या पहिल्या तीन खुर्च्या तिने फाडून पुन्हा भिजत घातल्या. चौथी ठेवली. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी ती फार नम्रपणे म्हणाली की मॅडम, तुम्हाला इंग्रजीत समजावून सांगण्यात रोज माझी दोन मुलं तपासायची राहतात. त्याच आठवड्यात मी निघाले.

तुझी कीव करणं सोपं आहे, तू दीड हजार मैलांवर राहतोस. मला मात्र माझ्यासोबतच राहावं लागतं. म्हणून दार लावलेलं होतं.

हे पत्र फाडलंस तरी चालेल. तुझ्यावरचा जीव तेवढा तसाच आहे.

ताई

*

फ्रिस्को, ३० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. न विचारता एक आगाऊपणा केला, तो कबूल करतो. फोटो उतरवला आणि स्टेजवर तुझं पत्र वाचलं, पूर्ण.

मला वाटलं होतं, हॉल गप्प होईल. लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या! एक बाई मला मिठी मारून म्हणाली की किती ऑथेंटिक स्टोरी आहे. आमच्या कमिटीतला राजीव तिथेच म्हणाला की हे पत्र ब्रोशरमध्ये छापू आणि दुसरा कंटेनर दुप्पट मोठा पाठवू. मी म्हटलं, अरे, खुर्च्या पाठवू नका एवढंच तर त्यात लिहिलंय. तो म्हणाला की लोकांचा उत्साह मोडू नये. मतदान झालं. सात विरुद्ध एक. तो एक मी. ताई, त्या टाळ्यांनी मला जेवढी शिसारी आली तेवढी तुझ्या शिव्यांनीही आली नव्हती.

राजीनामा दिलाय. एस्नातला मी स्वतः लिहिलं आणि काय हवं ते विचारलं. तिचं तीन ओळींचं उत्तर आलं. दोन बायकांना वर्षभर पगार द्या, मी त्यांना शिकवते. सामान नको. पाहुणे नकोत. दोघींचं आपण करू या का, तू आणि मी? मी एकदा बघायला येऊ का, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर तिने दिलं नाही.

रागावली असशील तर रागाव, पण लिही.

शशी

*

वेस्ट विंडसर, २१ जून

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

रागावले होते, तीन दिवस. मग राग उतरला.

हो, आपण करू. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. जाऊ नकोस. ती राजीवची माणसं जातीलच, एकसारखे टीशर्ट घालून, कंटेनरच्या मागोमाग. एस्नात त्यांना हसून चहा देईल आणि खुर्च्यांचं लोखंड गावातल्या लोहाराला देईल, असं तिने मला आधीच कळवलंय. तिच्या दोन्ही बायका कामाला लागल्या. त्यांतली एक तदालाची आई आहे, हे तिने तुला कळवलं नसेल. तपासायची राहिलेली मुलं आता या आईने घरी जाऊन बघायला सुरुवात केली आहे.

आणखी एक. तदाला चावायला शिकली. परवा भरवताना तिने आईच्या बोटाला असा कडकडून चावा घेतला की रक्त आलं. आई ते बोट घेऊन गावभर सगळ्यांना दाखवत फिरली.

रत्नाला हे वाचू दे.

ताई