तांदळाच्या दाण्याएवढी फट

बाई, काल एका यंत्राबद्दल माझा शब्द कुणीतरी शेवटचा मानला. तुम्हाला सांगितल्याशिवाय ते खरं वाटत नाहीये, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच माहीत नाही. मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. आता नाशकात द्वारका चौकाजवळ एका लहान कंपनीत काम करते. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्यांसाठी आम्ही खोक्यांवरची चित्रं, लेबलं, छोट्या फिल्म्स करतो, आणि त्यांची कोटेशनं, पत्रव्यवहारही आम्हीच बघतो. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर इतका जुना आहे की फिल्म जोडायला लावली की मी निवांत डबा खाऊन येते.

गेल्या आठवड्यात सरांनी माझ्यापुढे एक चपटं खोकं ठेवलं. म्हणाले, "डीलरने वापरून बघायला दिलाय हा लॅपटॉप. आठवडाभर तुझ्याकडे. ऑफिसचं काम, डिझाइनचं काम, सगळं यावर कर आणि घ्यायचा का ते सांग. तू म्हणशील तसं." आमचे हिशेब बघणारे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, दळण टाकून बघा त्यात. एवढ्या किमतीत पीठसुद्धा पडायला पाहिजे." सगळे हसले, मीही हसले. पण "तू म्हणशील तसं" हे माझ्या कानातून दिवसभर गेलं नाही. आमच्या घरात टीव्ही आला, मोटरसायकल आली, विहिरीवरची मोटर आली; आईला ते कळलं ती वस्तू दारात उतरली तेव्हा. घरातल्या कुणा बाईला विचारून काही घेतलं गेल्याचं मला आठवत नाही.

बाई, काय वस्तू आहे ती! मिटलेला लॅपटॉप हातात घेतला तर शाळेतल्या पाटीची आठवण होते, इतका पातळ. एका बोटाने झाकण उघडतं आणि खालचा भाग जागचा हलत नाही. पडदा उजळला तेव्हा मी आमच्या लेबलावरचा काळ्या द्राक्षांचा घड उघडला. मीच काढलेलं चित्र, दोन वर्षं रोज बघितलेलं. त्या द्राक्षांवर धुक्यासारखी जी पांढरी भुकटी असते ती मी काढली होती, पण ती दिसते हे मला त्या दिवशी कळलं. एकीकडे फिल्म जोडायला लावली, दुसरीकडे कोटेशन उघडलं, तिसरीकडे चित्र, आणि सवयीने डबा उघडायला उठले. झाकण काढेपर्यंत फिल्म तयार. मी पोळी हातात धरून नुसती बघत राहिले.

मग मला तुमच्या टायपिंगच्या क्लासची आठवण झाली. नाशिक रोडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किराणा दुकानाच्या वरचा तो जिना. पुढच्या खोलीत टाइपरायटर, पडद्यामागे तुमचं स्वयंपाकघर. मी सगळ्यांच्या आधी येते, तुम्ही गॅसवर चहा ठेवलेला असतो, आणि आलं ठेचता ठेचता तुम्ही आतूनच माझं टायपिंग ऐकत असता. "अगं, मशीन आहे ते, उखळ नाही!" हे तुमचं पहिलं रागावणं. मी ठोकून ठोकून टाइप करायचे, कारण मला वाटायचं जोर लावल्याशिवाय काही उमटत नाही. नंतर तुमच्या लक्षात आलं की दोष जोराचा नाही, उंचीचा आहे. खुर्ची मोठी, मी बुटकी, कोपरं कळांच्या खाली. पुढच्या आठवड्यात खुर्चीवर एक जाड गादी होती, तुमच्या जुन्या गोधडीतून शिवलेली. "मशीनकडे खालून वर बघत बसायचं नाही," म्हणालात. एवढंच. गादी कुणासाठी शिवली हे कुणाला सांगितलं नाहीत, पण दुसरं कुणी बसलं की हळूच काढून माझ्यासाठी ठेवायचात.

आणि तो एक दिवस. बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातलं विजेवर चालणारं मशीन विकायला एक माणूस घेऊन आला होता. तुम्ही हात धुतलेत, पदराला पुसलेत, मगच बसलात. एक ओळ टाइप केलीत, मुद्दाम चुकलात, एक कळ दाबलीत आणि चुकलेलं अक्षर कागदावरून गेलं. तुम्ही लहान मुलीसारख्या ओरडलात, "बघा गं, चूक गिळली यानं!" आम्हा सगळ्यांना एकेक करून बसवलंत. परीक्षा साध्या मशीनवर असायची म्हणून ते घेतलं नाहीत, पण त्या माणसाबरोबर जिन्याच्या खाली रस्त्यापर्यंत गेलात, पाहुण्याला पोचवायला जावं तसं. वर आल्यावर आमच्यातली एक म्हणाली, काय एवढं त्यात. तुम्ही म्हणालात, "चांगल्याला चांगलं म्हणताना तोंड वाकडं करू नये."

तर या लॅपटॉपवर मी मराठी सुरू केलं. तुमच्या टाइपरायटरवरच्या कळांची मांडणी जशीच्या तशी त्यात मिळते, हे मला माहीत नव्हतं. बोटं ठेवली आणि ती आपोआप जागेवर गेली. कळा इतक्या हलक्या की नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. पहिलं काय टाइप करावं सुचेना, म्हणून तुमचं नाव टाइप केलं.

पण मला परीक्षा घ्यायची होती, आरती करायची नव्हती. तिसऱ्या दिवशी तो घेऊन मी एका पॅकहाउसला गेले, द्राक्षं निवडून खोक्यांत भरतात तिथे. बागेच्या कडेला उन्हात उघडला तर पडद्यात लेबल दिसेना, माझंच तोंड दिसायला लागलं. सावलीत शेडमध्ये गेले तर घड निवडणाऱ्या बायका टोप्या-हातमोजे घातलेल्या तशाच भोवती जमल्या. "ताई, आमचा फोटू येतो का यात?" "तुझा आला तर फुटंल ते!" अशी थट्टा. मी तिथेच त्यांच्या मालकांसमोर नव्या खोक्याचं चित्र बदलून दाखवलं. एरवी ऑफिसात येऊन, मेल पाठवून, आठवडा जातो. मालक म्हणाले, "हे आत्ता केलं? इथं?" मला वाटलं, मी मोठी झाले. पण फिल्म करायला लावली तशी लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, मांडीवर चटका बसायला लागला, आणि मालकांचा पेनड्राइव्ह लावायला त्याला जागाच नव्हती. हे सगळं मी लक्षात ठेवलं.

शुक्रवारी लॅपटॉप घरी नेला. मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर आईने पाटावर लाल कापड घातलेलं, त्यावर लॅपटॉप, झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, निरांजन, साखर. आई हात जोडून उभी.

"आई, हे काय केलंस?"

"नवी वस्तू आन् तशीच वापरायची? देवाला नाय दाखवायची? लय पातळ हाय गं. मी म्हटलं पोरीला हापिसानं दिली, आत बी थोडं हळद-कुंकू वाहावं."

"आत?"

"उघडलं, अक्षता टाकल्या, मिटवलं."

बाई, यात थोडा तुमचाही हात आहे. खंडेनवमीला तुम्ही क्लासमधल्या सगळ्या मशीनची पूजा करायचात, तेव्हा एकदा आई माझ्याबरोबर आली होती. झेंडूच्या माळा घातलेले टाइपरायटर बघून ती भारावून गेली होती. पण तुम्ही आधी प्रत्येक मशीनमध्ये कोरा कागद चढवायचात आणि स्वस्तिक त्या कागदावर काढायचात, मशीनवर नाही. आईने माळा बघितल्या, कागद बघितला नाही.

मी झाकण उघडलं. कळांच्या मध्ये तांदळाचे दाणे. पडदा आणि कळा यांच्यात किती जागा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढी नाही. पातळपणाची मी आठवडाभर जी वाखाणणी करत होते, तिचा हा अर्थ होता. कुंकू मऊ कापडाने पुसलं, दाणे वेचले, आणि पांढरं पान उघडलं. खालच्या कोपऱ्यात तिळाएवढा फिका ठिपका होता. पुसून गेला नाही. आई म्हणाली, "वाईट झालं का गं?" मी आधी तिच्यावर ओरडले, मग तिचा चेहरा बघून झाकण मिटलं. तिने एका हाताने निरांजन विझवलं आणि पाट उचलला.

शनिवार-रविवार मला एकच प्रश्न होता. "घ्या" म्हणावं तर उद्या कुणीही म्हणेल, डाग लपवायला म्हणाली. "नका घेऊ" म्हणावं तर डाग पडलेली वस्तू डीलरला परत जाणार, आणि जे मला चांगलं दिसलं ते मी वाईट म्हटल्यासारखं होणार. ज्या शब्दाला आयुष्यात पहिल्यांदा किंमत आली होती, त्यावरच ठिपका पडला होता.

सोमवारी मी सरांसमोर पांढरं पान उघडून ठेवलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. अक्षतांपासून सगळं सांगितलं. सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पडदा इकडून तिकडून तिरका करून बघितला. मग विचारलं, "आईला बोललीस का काही?"

"थोडंसं."

"बोलायचं नाही. डीलर आता हा परत घ्यायला कुरकुर करेल, ते मी बघतो. तू एवढं सांग, हा डाग पडला नसता तर काय सांगणार होतीस?"

मी उन्हाचं सांगितलं, पंख्याचं, चटक्याचं, पेनड्राइव्हचं. मग द्राक्षांवरच्या भुकटीचं सांगितलं, पॅकहाउसच्या मालकांचं, पोळी हातात राहिल्याचं. बोलता बोलता माझा आवाज चढला, हे मला काकांनी मान वर केल्यावर कळलं.

"म्हणजे घ्यायचा?"

"घ्या, सर."

"पक्कं?"

"पक्कं."

काका म्हणाले, "पूजा झालेली वस्तू परत करतात होय, सर? लक्ष्मी रुसेल." सरांनी हसत फोन उचलला आणि डीलरला सांगितलं की हाच ठेवतोय. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं ते तिलाही माहीत नाही.

हे पत्र मी त्याच लॅपटॉपवर, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. हे छापायचं नाही, कुठे पाठवायचं नाही. कुणी आलं की खाली करते, गेलं की पुन्हा उघडते, आणि पडद्याकडे बघून अजूनही थक्क होते. एक मात्र सरांना सांगता आलं नाही, तुम्हाला सांगते. पक्कं नव्हतं, बाई. याच पैशांत दोन साधे कॉम्प्युटर घेतले असते तरी ऑफिसचं भागलं असतं, कदाचित जास्त बरं भागलं असतं. पण मला हाच हवा होता.