जास्त स्पष्ट तो ठेवा

३ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! ताईने चिकटवलं. ती या प्रयोगशाळेत पेशी वाढवते, म्हणजे काचेच्या चपट्या डब्यांतून त्यांना खाऊपिऊ घालते. मी आजवर बोटीवर भांडी घासली, सर्कशीच्या तंबूचे खुंटे ठोकले, पण ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीवर बसायची वेळ पहिलीच. सकाळ तिच्यावर फिरण्यातच गेली.

काम सोपं आहे. मायक्रोस्कोपवरचे कॅमेरे दिवसभर आपोआप फोटो काढत असतात आणि डिस्क गळ्यापर्यंत भरली आहे. एकसारखे दोन फोटो असले की एक ठेवायचा, एक उडवायचा. जोड्या प्रोग्रॅम शोधतो, बटण मी दाबायचं. कोणता ठेवायचा? जास्त स्पष्ट तो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना मी विचारलं, मग यात माणूस कशाला हवा? त्या म्हणाल्या, चुकलं तर ओरडायला कुणीतरी नको का?

संध्याकाळी ताईचा पहिला ओरडा खाल्ला. ओला टॉवेल पुन्हा पलंगावर दिसला तर तुझ्यासकट दोरीवर वाळत घालीन, म्हणाली. घरी आल्यासारखं वाटलं.

७ फेब्रुवारी
आज गंमतच झाली. प्रोग्रॅमने एक जोडी काढली: एकीकडे ताईच्या पेशींच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यातल्या डब्यातल्या पेशी, दुसरीकडे दारावरच्या रखवालदारकाकांचा ओळखपत्राचा फोटो. सगळ्यांचे ओळखपत्रांचे फोटो याच डिस्कवर ठेवतात. पेशी म्हणजे नुसता करड्या ठिपक्यांचा चिखल, पण डोळे बारीक केले तर काकांच्या मिशा दिसतात खऱ्या! मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या माणसाला इथे सगळे भिंग म्हणतात. त्याला बोलावून दाखवलं. ढगात हत्ती दिसतो तसलं आहे हे, काम कर, म्हणाला. ढगांवरून आठवलं, बोटीवर एक आचारी होता, तो ढग बघून मीठ किती घालायचं ते... जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी.

१२ फेब्रुवारी
जोड्या संपता संपत नाहीत. बोट दुखायला लागलं. सेटिंगमध्ये एक चौकोन सापडला: ‘यापुढे न विचारता जास्त स्पष्ट फोटो ठेवा’. त्यात खूण केली आणि गच्चीवर कबुतरांची भांडणं बघत बसलो. काम आपलं आपण होतंय. इतकी सोपी गोष्ट आधी कुणाला कशी सुचली नाही?

१८ फेब्रुवारी
रखवालदारकाका लंगडत नाहीत. मी आल्यापासून रोज गुडघ्याचं गाऱ्हाणं लावायचे, मी पळ काढायचो. आज मुद्दाम थांबून विचारलं, गुडघा कसाय? कोणता गुडघा, म्हणाले. मिशीचा केस न् केस वेगळा दिसत होता.

वर येऊन फोल्डर उघडला. काकांचा जुना फोटो उडालेला. त्या जागी खालच्या कप्प्यातला. चिखल नाही आता, अख्खा चेहरा. चौकोनातली खूण लगेच काढली. भिंगला म्हटलं, दुसऱ्या डिस्कवर प्रत असेल ना, तेवढी काढून दे. तर म्हणाला, अरे, ती नुसती नक्कल करते, इथलं पुसलं की तिथलंही पुसलं जातं. आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून हसला. याला काही माहीत आहे का?

२० फेब्रुवारी
टॉवेल पलंगावर विसरलो. ताईने उचलला, घडी घातली. एक शब्द नाही.

तिचाही फोटो बदललाय. मी खूण काढली त्याच्या आधीच. म्हणजे माझ्याच आळसाने.

२१ फेब्रुवारी
तिच्या उशीवर चहा सांडला. मुद्दाम. ती हसली. लहानपणी तिची सायकल तळ्यात ढकलली होती, ते काढलं. आठवतं की, म्हणाली, सगळं आठवतं. राग नाही. तेव्हा तर तिने आठवडाभर अबोला धरला होता. चेहरा खोटा म्हणावा तर तसंही नाही, उलट जास्तच ताई दिसते. पापणीचे केस सुटे सुटे दिसतात. जवळून बघवत नाही.

मॅडमना सांगून पाहिलं. तिचं काम इतकं चोख कधीच नव्हतं, म्हणाल्या.

तो डबाच फोडावा? पण ताईचं जे काही उरलं असेल ते त्यातच असलं तर—

२४ फेब्रुवारी
नवी जोडी. मी आणि चिखल.

चौकोनात खूण परत आली आहे. मी केली नाही. काढली की पुन्हा येते.

पण एक सुचलंय. जास्त स्पष्ट तोच राहतो ना? माझा ओळखपत्राचा फोटो धुरकट आहे. मोठ्या कॅमेऱ्यावर नवा काढून घेतला. भिंग आढेवेढे न घेता तयार झाला. मोकळा हस म्हणाला, हसलो. आता ये म्हणावं चिखलाला.

२५ फेब्रुवारी
पोचला. एका दिवसात. माझ्याइतकाच स्पष्ट—

२६ फेब्रुवारी
प्रोग्रॅम अडलाय. दोन्ही सारखेच, त्याला ठरवता येत नाही. मलाच विचारतोय, कोणता ठेवू. उत्तर नाही दिलं तर दोन्ही उडवणार—

डावा. उजवा. तीच हनुवटी, तोच खरचटलेला गाल—

ताई मागे येऊन उभी आहे. वही मांडीवर धरून लिहितोय, हात थांबला तर—

दिसला. फरक दिसला. उजव्याच्या डोळ्यांत भीती आहे. अगदी माझी, आत्ताची. डावा मजेत हसतोय. डब्यातल्याला कसली आलीये भीती? घाबरलेला तोच मी. दाबलं. उजवा ठेवला, डावा गेला—

ताई वाकून बघतेय. म्हणते, अरे वेड्या, फोटो काढताना तू तर हसत