जर्मन स्ट्रायकरचं गाऱ्हाणं

रविवार, १८ जानेवारी. चारकोप.

ती गोष्ट फाडून टाकू का?

परवा बोरिवलीला मित्रांसमोर वाचली. एका जर्मन स्ट्रायकरचं अख्खं करिअर. गावचा क्लब, मोठी टीम, मग गुडघा, मग बेंच. आणि प्रत्येक मॅचआधी तो गोलपोस्टला हात लावून मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालतो. जर्मन माणूस आणि गाऱ्हाणं. सगळे खो खो हसले. मला वाटलं, झकास, जमलं.

ते गाऱ्हाणं दादाचं, माझ्या मोठ्या भावाचं. तो पण स्ट्रायकर, गुडघा त्याचाही गेलेला, तरी खेळतो. आणि तो तिथेच मागच्या खुर्चीत होता. मीच आग्रहाने बोलावलेलं. घरी येताना एवढंच म्हणाला, "चांगलं लिहितोस रे."

आज सेक्टरच्या मैदानात त्याच्या टीमची मॅच होती. दरवेळी तो पोस्टला हात लावून म्हणतो, "बा देवा म्हाराजा, पोरांचे पाय सांभाळ." टीम ओरडते, "व्हय म्हाराजा." स्वतःसाठी गोल तो कधीच मागत नाही. गोष्टीत मी त्या जर्मनाला मागायला लावलं, हशा यावा म्हणून.

आज दादा पोस्टजवळून सरळ पुढे गेला. गोलकीपर म्हणाला, "दादा, गाऱ्हाणं राहिलं ना."

"राहू दे रे. लोक हसतात."

मी लाइनवरच उभा होतो. गाऱ्हाणं मला पाठ आहे. मी सुरू केलं असतं तर टीमने साथ दिलीच असती. पण तोंड उघडेना. एवढ्या लोकांसमोर कसं म्हणायचं, हसतील ना.